सूपभर कोंड्याची पोर

मला विकलं ते संध्याकाळपर्यंतच. तसंच ठरलं होतं. पाचवीच्या दिवशी सकाळी विकायचं, बांगडीवालीनं मला पाटीत घालून गावच्या वेशीपर्यंत न्यायचं, तिथं जरा टेकायचं आणि दिवेलागणीच्या आत परत आणून द्यायचं. पाचवीला सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. तिला वाटावं, हे मूल ह्या घरचं नव्हेच, कुणा परक्याचं आहे, कशाला त्याच्या वाटेला जा. असा तो बेत होता. सटवाई फसली की नाही ते ठाऊक नाही, पण आमची माणसं फसली. ती संध्याकाळ व्हायला माझ्या वयाची अकरा वर्षं गेली.

ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथं नव्या मुलाला सूपभर कोंड्याला विकायचं, ही आमच्या मावळातली जुनी चाल. ह्या पोराला काडीची किंमत नाही असं देवाला दाखवायचं, आणि मग तोच कोंडा परत करून मूल घरात घ्यायचं. बहुतेक घरी हा व्यवहार अंगणातच उरकतो. शेजारीण पुढच्या दारानं मूल घेऊन जाते आणि मागच्या दारानं आणून देते. नाव तेवढं मागं राहतं. कोंड्यावरून, दगडावरून, उकिरड्यावरून नावं ठेवलेली माणसं गावोगाव भेटतात, ती सगळी अशीच आयांनी स्वस्तात काढलेली. माझंही नाव त्यातलंच. ते इथं लिहीत नाही. शाळेत त्या नावापायी पुष्कळ ऐकून घेतलं आहे, आता म्हातारपणी पुन्हा नको.

आमचं गाव लोणावळ्याच्या खालच्या अंगाला. न्याहारी करून इंद्रायणीच्या काठानं चालू लागलं की ऊन चढायच्या आत लोणावळ्याच्या बाजारात पोचता येतं. वडील भातशेती करायचे. माझ्याआधी आईची तीन बाळं गेली होती, एकही बारशापर्यंत पोचलं नाही. मानमोडीच्या तापाच्या साथीला फार दिवस झाले नव्हते, त्या साथीत घरातली मोठी माणसंही गेली होती. माझ्या वेळी मुलगा की मुलगी, असं कुणी विचारलंसुद्धा नाही म्हणे. आहे का, एवढंच विचारलं.

मला कुणाला विकायचं हे सुईणीनं ठरवलं. लोणावळ्याच्या बाजारात एक बांगडीवाली होती, मुसलमान. डोक्यावर पाटी घेऊन ती खालची गावं करायची. आईचा लग्नातला चुडा तिनंच भरला होता आणि दर खेपेला डोहाळ्यांच्या हिरव्या बांगड्याही तिनंच. परक्या जातीला विकलं तर सटवाईला पत्ता लागायला वेळ लागेल, परक्या धर्माला विकलं तर आणखी वेळ लागेल, असा सुईणीचा हिशेब. बांगडीवालीला मूलबाळ नव्हतं. ही गोष्ट त्या हिशेबात कुणी धरली नाही. तिनं सूपभर कोंडा आईच्या पुढ्यात ठेवला, मला बांगड्यांच्या पाटीत चिंध्यांवर निजवलं आणि वेशीकडे निघाली.

तोवर मी दूध ओढत नव्हते. छातीशी धरलं तरी तोंड फिरवायचे, आवाजसुद्धा मांजराच्या पिलाएवढा. आधीची तिन्ही अशीच गेली होती, त्यामुळे पुढं काय होणार ते घरात सगळ्यांना दिसत होतं. वेशीपाशी शेळ्या चरत होत्या. बांगडीवालीनं गुराख्याकडून वाटीभर दूध काढून घेतलं, पदराचं टोक त्यात बुडवून माझ्या तोंडात धरलं आणि मी ते चोखलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोखलं. दिवेलागणीला वडील कोंड्याचं सूप घेऊन मला सोडवायला आले, तेव्हा मी पीत होते. ते सूप हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "चाची, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. तुमच्याजवळ पीती हाय. सव्वा म्हैना ऱ्हाऊ द्या."

आईला कुणी विचारलं नाही. बाळंतिणीला काय विचारायचं. ती बाजेवर पडून पावलं ऐकत होती. वडील दारात आले आणि सूप भरलेलंच परत आलं, एवढं तिनं पाहिलं. तिला वाटलं, मी गेले. पोर जिती आहे, पण बांगडीवालीकडं आहे, हे तिला समजावून सांगायला सुईणीला बराच वेळ लागला म्हणतात. समजल्यावर तिनं उठून कोंड्याचं सूप उतरवून घेतलं आणि तो कोंडा एका गाडग्यात भरून वर फडकं बांधलं. कोंबड्यांना घालू नका म्हणाली, परत द्यायचा आहे.

सव्वा महिन्यानं मी चांगली गुबगुबीत झाले होते. वडील लोणावळ्याला येऊन बघून गेले आणि म्हणाले, दात येऊ देत. दात आले, तेव्हा म्हणाले, देवी काढून होऊ देत. देवी काढून झाल्या, हातावर व्रण उठले, मग म्हणाले, यंदा गावात गोवर आहे, पुढल्या साली बघू. माझे वडील वाईट नव्हते. भित्रे होते. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. त्यांनी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती, की घरी ठेवलेली सगळी गेली आणि तिथं राहिलेली जगली. तेवढ्यावरून त्यांनी जन्माचा नेम काढला, आणि दुसरा कुणी असता तर त्यानंही तोच काढला असता, हेही मला कळतं. कळतं म्हणून राग जातो असं नाही.

ज्या घरी मी वाढले ते बाजारातल्या दुकानाच्या मागं, दोन खणांचं. बांगडीवालीला मी अम्मा म्हणायचे आणि तिच्या नवऱ्याला चाचा. चाचा गाडीनं पुण्याला जाऊन माल आणायचे, अम्मा बांगड्या भरायची. माझ्या बाबतीत तिनं एक गोष्ट फार काटेकोरपणे पाळली. मी दुसऱ्याची अमानत आहे, असं ती म्हणायची. म्हणून रोज सकाळी माझी वेणी घालून झाली की ती स्वतःच्या बोटानं माझ्या कपाळाला कुंकू लावायची. सवय नसल्यामुळे ते कधीच मधोमध बसायचं नाही. चाचा म्हणायचे, "अगं, पोरीचं कपाळ आहे का रस्त्याचं वळण?" आणि फडक्याच्या कोपऱ्यानं पुसून नीट करायचे. घरात काय शिजवायचं नाही हेही चाचांनी आपण होऊन ठरवलं होतं. मी फार हट्ट केला की ते घरातलं सूप दाखवायचे. "सूपभर कोंड्याला घेतली, तेव्हा वाटलं स्वस्त पडली." मला त्या थट्टेचं वाईट वाटायचं नाही, कारण म्हणताना ते भाकरी माझ्याकडं सरकवत असायचे.

लपवाछपवी काही नव्हती. मी कुणाची, कशी इथं आले, हे बाजारातल्या वाण्यापासून स्टेशनवरच्या हमालापर्यंत सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही. पण विकलेल्या पोरीचे नियम होते. जोवर कोंडा परत दिला नाही तोवर आईनं मला माझी म्हणायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही, हातानं घास द्यायचा नाही. मी तिला आई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. सटवाईच्या कानावर जाईल म्हणून.

मावशी दर बाजाराला यायची. डोक्यावर तांदळाची नाहीतर पोह्यांची पाटी, कधी रानातली करटोली. माल खपला की ती आमच्या दुकानाची पायरी चढायची आणि बांगड्या भरायला बसायची. दर बाजाराला. इतर बायका सणाला, लग्नाकार्याला बांगड्या भरतात. हिच्या आठ दिवससुद्धा टिकत नसत. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मावशीच्या बांगड्या सारख्या वाढायच्या. गावच्या बायका बरोबर असल्या की तिला चिडवायच्या, "हिच्या हातात काय जादू हाय की काय, काच ऱ्हातच न्हाई." ती म्हणायची, "कामाचं हात हैत बाई, काय करावं." ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी बसायची. इतरांना पुढं घालायची, तुमचं होऊ दे, मला घाई नाही.

मी बांगड्या भरायला लवकर शिकले. समोरचीचा हात आपल्या हातात घ्यायचा, बोटं एकत्र जुळवायची, अंगठ्याखालचं हाड दाबून आत घालायचं आणि बोलता बोलता बांगडी वर सरकवायची. बाईला बोलतं ठेवायचं, म्हणजे ती हात आखडत नाही. अम्मा पोक्त गिऱ्हाइकं माझ्याकडं द्यायची नाही, पण मावशीला म्हणायची, "हिच्याकडून भरून घे, हिचा हात बसायचा आहे अजून." मावशी हात पुढं करायची. पहिल्या पहिल्यांदा मी तिला पुष्कळ दुखवलं असणार, नवशिकीच्या हातून काच टोचतेच. "दुखलं का मावशी?" मी विचारायची. "न्हाई," ती म्हणायची. भरून झालं की बायका बांगडीवालीला नमस्कार करतात, तशी रीत आहे. तीही करायची. माझ्यासमोर हात जोडायची आणि पाटी उचलून निघून जायची.

बांगडीवालीनं गिऱ्हाइकाचा हात धरला तर कोण काय म्हणणार. सटवाईसुद्धा कुणाकडून तरी बांगड्या भरून घेत असेलच. मला मात्र ह्यातलं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, ही बाई धांदरट आहे. एकदा ती गेल्यावर मी तसं म्हणालेही, की मावशीला जरा जपून काम करता येत नाही का. अम्मा बांगड्या दोऱ्यात ओवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "येडी आहेस. ती फोडते त्या. तुझा हात धरायला दुसरं काय निमित्त आहे तिला?"

ह्यावर मी काय केलं असेल असं वाटतं? काही केलं नाही. पुढच्या बाजाराला ती आली, मी तिच्या हातात बांगड्या भरल्या, नेहमीपेक्षा सावकाश भरल्या, एवढंच. मनात राग होता. बांगड्या फोडायचं धाडस आहे, मग येऊन घेऊन जायचं का नाही, असं मला वाटायचं. एका सूपभर कोंड्याचा तर प्रश्न.

पण प्रश्न तेवढाच राहिला नव्हता. मी पाच वर्षांची असताना आईला मुलगा झाला. तो विकावा लागला नाही. जन्मतःच गाव डोक्यावर घेऊन रडला आणि पहिल्या दिवसापासून दूध प्यायला. वडिलांनी त्याचा नेम लगेच काढला, "ती तितं हाय म्हनून ह्यो हितं हाय." पण ह्या वेळी त्यांनी आईला विचारलं. आणायची का पोर, तू म्हणशील तसं. आणि आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

हे मला तिनं स्वतः सांगितलं, पुढं पुष्कळ वर्षांनी, भात लावताना, दोघी चिखलात वाकलेल्या असताना. "ते मी माज्या तोंडानं बोलले. तुज्या बाच्या माथी मारू नगंस." पहिल्या खेपेला तिचं मूल तिच्याकडून गेलं, दुसऱ्या खेपेला तिनं ते सोडलं. मांडीवरचा पीत होता आणि लोणावळ्यातली जगत होती. हलवाहलव करून दोन्हींतलं एक गमवायची तिची छाती झाली नाही. मी तिच्या जागी असते तर काय म्हणाले असते, ह्याचा मी विचार केला आहे. उत्तर काढलेलं नाही.

पुण्याच्या रुळावर विजेच्या गाड्या धावायला लागल्या त्या सुमारास, पावसाळ्यात, वडील तापानं गेले. बाजाराला आलेल्या बायकांनी अम्माला सांगितलं. अम्मानं मला सांगितलं आणि जेवायला वाढलं नाही, सुतक म्हणून. मग तिला वाटलं पोर उपाशी आहे, म्हणून वाढलं. मला रडू आलं नाही. वर्षातून एकदोनदा दारात येऊन मला डोक्यापासून पायापर्यंत बघून जाणारा माणूस, एवढीच माझी त्यांची ओळख होती.

काही बाजार मावशी आली नाही. मग एक दिवस आली. पांढरं कपाळ, मोकळे हात. समोरच्या वाण्याच्या दुकानाला टेकून तिनं पाटी मांडली, तांदूळ विकले, आणि उठली. रस्त्याच्या त्या कडेला उभी राहून तिनं आमच्या दुकानाकडं पाहिलं. पायरी चढली नाही. विधवेनं बांगड्यांच्या दुकानात कशाला जायचं? आत लग्नाच्या मुली बसलेल्या असतात, सवाष्णी असतात, कुणी बोलून दाखवलं नसतं तरी ती स्वतः चढली नसती. पदरानं हात झाकून ती जरा उभी राहिली आणि चालू लागली. पुढच्या बाजाराला तसंच. त्याच्या पुढच्या बाजाराला पाऊस कोसळत होता, तरी ती तशीच उभी.

अम्मानं त्या दिवशी कुणाच्या तरी हातात उलटी बांगडी भरली, तिच्याकडून असं कधी व्हायचं नाही. संध्याकाळी ती चाचांना म्हणाली, "पोरीला पोचवून यायचं." चाचा म्हणाले, कुणी मागितलीय का? अम्मा म्हणाली, "ती कशी मागेल? तिचं हात धरायचं निमित्तही गेलं. मी काय आता तिला जन्मभर रस्त्यावर उभी करू?" चाचांनी उठून दिव्याची काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

मी मात्र बोलले. मी म्हणाले, मी जाणार नाही, मला कुणी विचारलं का. अम्मा म्हणाली, "तुझ्या आईलाही नव्हतं विचारलं." हे उत्तर मला तेव्हा अजिबात पटलं नाही. आजही ते उत्तर म्हणून बरोबर आहे असं नाही. पण ते ऐकल्यावर मी उठून माझे कपडे बांधायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मानं मला कुंकू लावलं. त्या दिवशी ते मधोमध बसलं. चाचा दुकानात माल मांडत राहिले, दारापर्यंत आले नाहीत. आम्ही दोघी नदीच्या काठानं खाली गेलो, गावात शिरलो, आणि अम्मानं दारातूनच हाक मारली, "पोरी, माल परत आणलाय. कोंडा आहे का घरात?"

आई उखळापाशी होती. ती उठून आत गेली आणि गाडगं घेऊन आली. मला वाटलं होतं, अकरा वर्षांचा कोंडा म्हणजे त्यात किडे झाले असतील. तिनं फडकं सोडलं, तर कोंडा ताजा होता, अगदी त्या हंगामाचा. दर साली भात कांडलं की ती जुना कोंडा म्हशीला घालायची आणि नवा भरून ठेवायची. पोर कधी सोडवायची वेळ येईल सांगता येत नाही, आणि त्या वेळी शेजारी कोंडा मागत फिरायला नको, म्हणून. हे तिनं सांगितलं नाही. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता, तो मध्येच म्हणाला, "त्यो अक्काचा हाय, त्येला हात लावायचा न्हाई." अक्का म्हणजे मी. त्यानं मला तोवर पाहिलंही नव्हतं.

आईनं कोंडा सुपात ओतला. सूप उचललं. आणि तिथंच थांबली. तिची नजर भावावर होती. तो उंबऱ्यावर बसून पायाचा अंगठा मातीत फिरवत होता. वडिलांनी एवढी वर्षं जे सांगितलं ते घरातून त्यांच्याबरोबर गेलं नव्हतं. मला ते स्पष्ट दिसलं, आणि मला वाटलं, आता ही पुन्हा म्हणणार, राहू द्या. मी अम्माचा पदर धरला. खरं सांगायचं तर तिनं तसं म्हणावं असंही मला वाटत होतं, आणि म्हणू नये असंही.

अम्मालाही ते दिसलं. ती म्हणाली, "ह्याच्यासाठी भितेस ना? मग ह्यालाही घाल माझ्या पदरात. सूपभर कोंड्यालाच घेते. वेशीपर्यंत नेते आणि लगेच परत आणून देते. दोघांचंही भागलं."

आईनं तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग एकदम म्हणाली, "न्हाई. तुमची येस लय लांब आसती, चाची."

आणि हसली. मी तिला तोवर हसताना बघितलंच नव्हतं. अम्माही हसली, दोघी बराच वेळ हसत राहिल्या आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी आणि माझा भाऊ एकमेकांकडं बघत राहिलो. मग आईनं सूप अम्माच्या पदरात रिकामं केलं. पार झटकून, एक कणही मागं न ठेवता. अम्मानं पदराची गाठ मारली, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि आल्या वाटेनं परत गेली. वळून बघायचं नसतं म्हणून तिनं बघितलं नाही. तो कोंडा तिनं घरी नेऊन शेळीला घातला, असं चाचांनी मला पुढं सांगितलं. सगळा एकदम नाही, रोज मूठमूठ.

मुसलमानाच्या घरी वाढलेली पोर म्हणून भावकीतल्या मोठ्या माणसांनी मला गोमूत्र शिंपडून शुद्ध करून घेतलं. वास दोन दिवस राहिला. बाकी माझ्यात काही फरक पडला नाही, त्यांच्यात पडला असेल.

आता मी कोंडा देऊन सोडवलेली, रीतसर तिची. तिनं मला माझी म्हणायला हरकत नव्हती, घास द्यायला हरकत नव्हती. पहिल्या दिवशी तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या तोंडाशी आणला. अकरा वर्षांच्या घोडीला कुणी भरवतं का? मी तो हातात घेतला आणि खाल्ला. तिनं पुन्हा तसं केलं नाही. मला तिला आई म्हणायचं होतं, म्हणजे आता म्हणायला पाहिजे होतं, आणि तोंडात मावशी यायची. एकदा शेजारणीसमोर मी मावशी म्हणाले. शेजारीण तोंडाला पदर लावून हसली, आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तेव्हापासून मी तिला हाकच मारेनाशी झाले. समोर जाऊन उभं राहायचं, मग बोलायचं. हाक न मारता दिवसच्या दिवस काढता येतात, करून बघितलं आहे.

काम मला येत नव्हतं. चुलीला फुंकर घालायची म्हणजे राख उडायची, शेण हातात धरवायचं नाही. आई रागावली नाही कधी. तेच मला जड जायचं. अम्मा असती तर एक धपाटा घालून मोकळी झाली असती. धपाटा घालायचा हक्क एका दिवसात येत नाही, त्याला वेळ लागतो, हे तिला कळत असावं. ती पाहुण्यासारखं माझं करायची आणि मी पाहुण्यासारखी राहायची.

अम्मानं निघताना माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरून दिल्या होत्या. भाताची कापणी सुरू झाली त्या वेळी त्यातली एक वाढली. पुढच्या आठवड्यात आणखी एक. आई बाजाराला निघाली की मी म्हणायची, हात ओका दिसतो, भरून येते. ती वाण्याकडं पाटी मांडून बसायची आणि मी समोरची पायरी चढायची. अम्मा माझा हात धरायची, बोटं जुळवायची, सावकाश दाबायची. मी तिला अम्माच म्हणायची, त्यावर कुणी बंदी घातली नव्हती. ती विचारायची, जेवतेस ना. मी हो म्हणायची. भरून झालं की मी हात जोडायची आणि पायरी उतरायची. आई रस्त्याच्या त्या कडेला उभी असायची.

मग त्या वर्षी माझ्या बांगड्या टिकेनातच. बाजाराच्या आदल्या दिवशी हमखास.

एकदा अशीच मी उखळापासून उठले आणि हात पदराखाली घेतला. आई पोहे पाखडत होती. म्हणाली, "हात बघू."

मी हात पुढं केला. तिनं माझं मनगट आपल्या हातात घेतलं, उरलेल्या बांगड्या एकेक करून फिरवून बघितल्या. तिच्या स्वतःच्या हातावर जुन्या काचांचे बारीक पांढरे व्रण होते. इतके दिवस तिचा हात मी धरत आले, ते व्रण मला कधी दिसले नव्हते. ते बांगड्यांखाली असायचे.

"कशानं वाढली?" तिनं विचारलं.

"कांडताना."

"कांडताना म्होरली वाढती. ही मागली हाय." तिनं माझा हात सोडला नाही. "कुनी इचारलं तर धुनं धुताना म्हनायचं. धुन्यात कोनचीबी वाढती."

मग तिनं सुपातले चांगले पोहे फडक्यात घेतले, गाठ मारली आणि म्हणाली, "ह्ये चाचीला ने. सकाळी लौकर निघू, म्हंजी बसायला येळ मिळंल तुला."

"बरं, आई," मी म्हणाले.

ती गाठ नीट बसली होती. तरी तिनं ती सोडली आणि पुन्हा मारली.